नववा डबा

प्रयोगशाळेत त्याला सगळे थंडोबा म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. उणे सत्तर अंशांची राखण माणसानं छत्तीस वर्षं केली, की थोडी थंडी त्याच्यातही मुरते. कुणी तावातावानं अंगावर आलं तर हा चष्मा पुसायला घ्यायचा, आणि चष्मा पुसून होईपर्यंत समोरच्याचा राग निम्मा उतरलेला असायचा. रोगजंतू सांभाळणाऱ्या त्या सरकारी प्रयोगशाळेत साहेब आले, साहेब गेले, शास्त्रज्ञ बढती घेऊन मोठ्या शहरात गेले. शीतघराची किल्ली मात्र थंडोबाच्याच कमरेला राहिली. किल्ली म्हणजे मान असं कुणी समजू नये. ते जोखड होतं.

शीतघरात सहा फ्रीजर. त्यातल्या एकाचंही तापमान जरा चढलं की थंडोबाचा फोन वाजायचा, आणि चाळीस मिनिटांत त्यानं दाराशी हजर व्हायचं, असा नियम. त्यामुळे छत्तीस वर्षांत हा माणूस चाळीस मिनिटांच्या पलीकडे कधी मुक्कामाला गेला नाही. मुलीचं लग्न वसाहतीतल्या हॉलमध्येच झालं आणि जेवणं चालू असताना फोन वाजला, तेव्हा मुलीचा बाप हात धुऊन सायकलवर बसला. बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझी सवत आहे. सहा दारांची आहे आणि रात्रंदिवस घुरघुरते." लोक हसायचे. तीही हसायची, पण सगळ्यांच्या आधी हसणं थांबायचं ते तिचंच.

आता मात्र सुटकेला सहा आठवडे उरले होते. थंडोबा साठीचा झाला होता. शेजारीच नवी इमारत उभी राहिली होती, नवं शीतघर नव्या यंत्रांचं होतं. मुलगी बारा तासांच्या अंतरावर राहत होती. तिनं आईबापांसाठी एक खोली रंगवून घेतली होती, आणि दोन वर्षांच्या नातवाला आजोबा म्हणजे फोनमधला चष्मेवाला माणूस एवढंच ठाऊक होतं. बायकोनं दोन महिने आधीच सामान बांधायला काढलं. घरात पाऊल ठेवलं की खोक्याची ठेच लागायची.

जुन्या शीतघरातलं सामान नव्या इमारतीत हलवायचं काम थंडोबाकडे होतं, आणि त्याच्या जोडीला होती भिंगरी. हे नाव त्यानंच ठेवलेलं. चौतीस वर्षांची तंत्रज्ञ, एका मुलीची आई, आठ वर्षं कंत्राटावर. बोलायची भराभर, चालायची त्याहून भराभर, हात मात्र एखाद्या सोनारासारखे स्थिर. थंडोबानंतर शीतघर तिच्याच ताब्यात जायचं होतं आणि तिला कायम करण्याचा कागद संचालकबाईंच्या टेबलावर सहीसाठी थांबला होता.

इथे त्या इमारतीची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. शीतघरात जायचं ते पुढच्या दारानं आणि बाहेर पडायचं ते मागच्या. मधे कपडे बदलायचे, काम झालं की आंघोळ करायची, आतला कागदाचा कपटाही बाहेर आणायचा नाही. त्यामुळे रजिस्टर पुढच्या दाराशी टेबलावर असायचं, आणि काम संपवून ओल्या केसांनी माणूस निघायचा तो मागच्या अंगणात. सही करायला पुढं यायचं म्हणजे अख्ख्या इमारतीला वळसा. नियम म्हणायचा, काम झाल्यावर दोघांनी सही करावी. रीत म्हणायची, आत जातानाच करून टाका. आणि नियमाचं आणि रीतीचं भांडण लागलं तर कोण जिंकतं, हे कुठल्याही कचेरीत एक वर्ष काढलेल्या माणसाला विचारावं.

त्या मंगळवारी तीन नंबरचा फ्रीजर रिकामा करायचा होता. सगळ्यांत जुना, पेटीसारखा वरून उघडणारा. त्यातले डबे आदल्या दिवशीच हलवले होते, आता तळाचा बर्फ फोडून वाफेच्या भट्टीत घालायचा आणि फ्रीजर कायमचा बंद करायचा, एवढंच उरलं होतं.

"काका, करा सही," भिंगरी म्हणाली. तिनं आपली केलीच होती. 'फ्रीजर क्रमांक तीन रिकामा केला. आत काही शिल्लक नाही.' थंडोबानं तिच्या सहीखाली आपली ठोकली, आणि दोघं आत गेले.

बर्फ वीतभर जाड होता. लाकडी हातोडीनं फोडता फोडता एका कोपऱ्यात ठक्क आवाज आला, आणि बर्फातून पत्र्याचा एक कोपरा वर आला. डबा होता. हाताच्या पंजाएवढा, झाकणावर निळ्या पेन्सिलीनं काढलेला नऊचा आकडा, खाली लांब शेपूट ओढलेली. अशी शेपूट थंडोबाच्या आयुष्यात फक्त त्याचे गुरू काढायचे.

"हा कसला डबा, काका? यादीत नाही हा."

"जुना आहे," थंडोबा म्हणाला. "पाच नंबरमध्ये ठेवू. नंतर बघू."

त्याचा आवाज रोजच्यासारखाच होता. पण डबा त्यानं भिंगरीला उचलू दिला नाही, स्वतःच नेऊन ठेवला.

डब्यात काय आहे हे त्याला उघडून बघावं लागलं नाही. सोळा कुप्या. त्या रोगाचं नाव प्रयोगशाळेत कुणी घेत नसे, म्हातारी म्हणत. दोन पिढ्यांमागे म्हातारी गावात शिरली की दहांतले तीन उचलून न्यायची आणि उरलेल्यांच्या तोंडावर आयुष्यभराची खूण ठेवून जायची. मग लस आली, जगभर घराघरांत पोचली, आणि म्हातारी संपली. माणसानं एक अख्खा रोग पृथ्वीवरून पुसून टाकला. असं काम माणसाच्या हातून फार वेळा झालेलं नाही. लस द्यायचीही गरज उरली नाही. थंडोबाच्या दंडावर लशीचा गोल वण होता, बायकोच्या होता. भिंगरीच्या नव्हता.

शेवटचे साठे पाच देशांत उरले होते. आपला साठा नष्ट करणारा पहिला देश हाच, आणि ते काम केलं उस्तादांनी. उस्ताद म्हणजे शीतघराचे तेव्हाचे प्रमुख, थंडोबाचे गुरू. नऊ डबे होते. चोवीस वर्षांचा थंडोबा तेव्हा नोकरीला नवाच लागला होता. पुढच्या दाराशी रजिस्टरमध्ये 'नऊ डबे वाफेनं नष्ट केले' असं लिहून दोघांनी सकाळीच सह्या केल्या. उस्ताद आधी आत गेले, थंडोबा दुपारी. मागच्या दाराशी मंत्री, फोटोवाले, सगळे थांबले होते. तो फोटो अजून जिन्यात लावलेला आहे. उस्ताद हसतायत, शेजारी कान बाहेर आलेला एक पोरगेलासा माणूस उभा आहे, आणि त्या पोरगेल्याला वाटतंय की आपण जगाचं भलं करून आत्ताच आंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी थंडोबानं भिंगरीला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं असं त्याला नंतर अनेकदा वाटलं, पण तिच्या सहीचा कागद होता, तिला अंधारात ठेवणं त्याला जमेना.

भिंगरीनं आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, "काका, भट्टी अजून चालू आहे. आज संध्याकाळी घालू आत. 'जुन्या रिकाम्या बाटल्या' म्हणून लिहू. पाऊण तासात म्हातारी खरंच मेलेली असेल. तुम्ही मुलीकडे जा. मी कायम होते. कुणाचं काय वाईट होतंय?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. जगाच्या दृष्टीनं सगळ्यांत चांगलं म्हणजे तो डबा आज जळणं. आणि त्याच्या स्वतःच्या दृष्टीनं तर विचारूच नका. तरी तो म्हणाला, "एक दिवस दे मला." त्याला आधी उस्तादांना भेटायचं होतं. त्यांच्या नावावर आयुष्यभर जे काम लागलं होतं, ते त्यांना न सांगता गुपचूप पुरं करणं त्याला चोरीसारखं वाटत होतं.

उस्ताद एक्याण्णव वर्षांचे होते. वृद्धाश्रमातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खुर्चीत बसलेले असायचे, पायांवर शाल, भिंतीवर पदक. कान गेले नव्हते, डोकंही गेलं नव्हतं. जावं असं त्यांना स्वतःला फार वाटायचं.

"उस्ताद, त्या दिवशी डबे किती जळाले?"

"नऊ. सही आहे तुझी."

"तीन नंबरच्या तळाशी एक मिळाला."

उस्तादांनी शाल सारखी केली. ती आधीच सारखी होती. मग ते म्हणाले, "भट्टीत आठच मावायचे रे. एक मी सकाळी आधी घालणार होतो, भट्टी तपासायला. तसं आपलं ठरलंही होतं. पण वाफेचा दाब चढेना. मग रिकामीच चालवून बघितली आणि डबा परत ठेवला खाली. म्हटलं, दुपारी तू आहेसच, दिसला की घेशील."

"मी आठ घेतले. एक तुम्ही सकाळी घातलात असं धरून चाललो."

"आणि सही तर दोघांची सकाळीच झाली होती," उस्ताद म्हणाले, आणि हसले.

मग उस्तादांनी आपणहून पुढचं सांगितलं, आणि ते त्यांनी सांगितलं नसतं तर फार बरं झालं असतं. पुढच्या तीन वर्षांत बाकीच्या चार देशांनी आपले साठे नष्ट केले, तेव्हा शिकवायला उस्तादच गेले होते. इमारतींचा नकाशा एकाच पुस्तिकेतला: पुढचं दार, मागचं दार. भट्ट्या तशाच, आठ डब्यांच्या. "मीच दाखवलं सगळीकडे, कसं करायचं ते. म्हटलं, सही आधी करून घ्या, नंतर वळसा पडतो. लोक खूश झाले. म्हणाले, अनुभवी माणूस आहे."

उस्तादांनी थंडोबाचं मनगट धरलं. त्या पकडीत अजून जोर होता.

"हे बघ, मला आधी मरू दे. मग सांग कुणाला सांगायचं ते. फार नाही रे लागणार."

थंडोबा त्यांना हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. जिना उतरताना त्याला रडू आलं. उस्तादांनी त्याला वाढवलं होतं, पहिली घडी त्यांनी बसवली होती, आणि आता त्यांच्या म्हातारपणावर पाय ठेवूनच पुढं जायची वाट उरली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, म्हणतात ते हेच.

घरी आला तेव्हा फोनवर नातू होता. मुलगी त्याला आंघोळ घालत होती आणि बायको खोक्यांच्या मधे बसून टाळ्या वाजवत होती. पोरगं उघडं, साबणानं चमकणारं, दोन्ही हात वर करून पाणी उडवत होतं. दंड अगदी स्वच्छ होता त्याचा. जगातल्या सगळ्या पोरांचे दंड आता असेच स्वच्छ होते, आणि ती तर माणसाची केवढी मोठी कमाई होती. थंडोबा त्या दंडाकडे बघत राहिला. आपला डबा जाळला तर आपला एक डबा जळेल. पण चार देशांत चार जुन्या फ्रीजरांच्या तळाशी काय असेल? असेल किंवा नसेलही. डब्याला घाई नसते. माणसं मरतात, सरकारं बदलतात, निळ्या पेन्सिलीचं अक्षर ओळखणारं कुणी उरत नाही. मग कधीतरी कुणीतरी बर्फ फोडेल, एक गंजका डबा बघेल, आणि पोत्यात टाकून बाहेर नेईल. ज्यांच्या अंगावर तो उघडेल ती माणसं कदाचित अजून जन्मालाही आलेली नसतील. त्यांना सांगायला कोण जाणार? सांगता येईल ते आत्ताच, आणि सांगू शकेल असा माणूस जगात एकच होता. तो साठ वर्षांचा होता, आणि त्याला मुलीकडे राहायला जायचं होतं. आमचं रजिस्टर खोटं निघालं, तुम्ही तुमचं तपासा, असं म्हणायला हातात तो डबा असायला हवा होता. जळलेला डबा दाखवता येत नाही.

सकाळी त्यानं भिंगरीला सांगितलं, "मी वर कळवतोय."

"माझी सही आहे त्यावर, काका."

"मी लिहिलंय की तू विचारलंस आणि मी तुला गप्प केलं. ते खरंच आहे."

"खरं असून काय उपयोग? कंत्राटी बाईचं खरं कोण वाचतं?" तिचे डोळे भरले होते, आणि रागही होता. "तुमचं काय, तुम्ही सुटलात." यावर थंडोबानं चष्मा काढला, पण पुसला नाही. हातात धरून तसाच उभा राहिला.

संचालकबाई वाईट नव्हत्या. हे लक्षात ठेवायला हवं, कारण गोष्टीत असं कुणी आलं की वाचणारा लगेच खलनायक शोधतो. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, पाणी प्यायल्या, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "किती जणांना माहीत आहे?"

मग सगळं रीतसर झालं. थंडोबाकडून एका कागदावर लिहून घेतलं की घरी, दारी, कुणाशीही याबद्दल बोलणार नाही. चौकशी संपेपर्यंत त्याचे निवृत्तीचे कागद थांबवले. चार देशांना गोपनीय पत्रं गेली. डब्याचं काय करायचं ते वरची समिती ठरवणार होती. तोवर डबा पुरावा, म्हणून हलवायचा नाही. आणि भट्टी? ती नवी इमारत चालू करायच्या ठरलेल्या तारखेला उखडून नेली. तारीख कुणाच्या डब्यासाठी थांबते?

अशा रीतीनं सहा आठवड्यांचे पाच महिने झाले. सगळी प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली. जुनीत राहिला एक फ्रीजर, त्यात एक डबा, आणि बाहेर बोळात खुर्ची टाकून बसलेला थंडोबा. खोल्यांची दारं काढून नेलेली, भिंतींवर कपाटांचे पांढरे चौकोन. पाण्याचा नळही एकच चालू. दिवसातून दोनदा तो आत जायचा, सोळा कुप्या मोजायचा, आंघोळ करायचा, मागच्या दारानं निघायचा, अख्ख्या इमारतीला वळसा घालून पुढं यायचा आणि मग सही करायचा. पावसातसुद्धा. वरून बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा खुळावला. छत्तीस वर्षं तो या इमारतीशी बांधलेला होता, पण तेव्हा निदान चहाच्या वेळी चार माणसं असायची.

भिंगरी नव्या इमारतीतून कधी दिसायची. मान हलवायची आणि भराभर निघून जायची. उस्ताद त्या दिवसांत एका दुपारी खुर्चीतच गेले. कुणी काही छापलं नव्हतं, पदक भिंतीवरच होतं. त्यांची इच्छा पुरी झाली याचं थंडोबाला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पाचव्या महिन्याच्या शेवटी संचालकबाई स्वतः जुन्या इमारतीत आल्या. बसायला दुसरी खुर्ची नव्हती म्हणून थंडोबा उभा राहिला, त्या बसल्या.

"चारही देशांची उत्तरं आली," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर खरंच आनंद होता. "सगळं व्यवस्थित आहे. त्यांची रजिस्टरं पूर्ण आहेत. प्रत्येक नोंदीवर दोन-दोन सह्या आहेत."

थंडोबाला क्षणभर वाटलं की त्या थट्टा करतायत.

"मॅडम, फ्रीजर उघडून बघितलं का कुणी?"

"नोंद बरोबर असताना उघडायचं कशाला? एका देशात तर ती खोलीच आता भिंत घालून बंद केलीय."

"आपलीही नोंद बरोबरच होती."

"ते कळलं हो," त्या जरा तुटकपणे म्हणाल्या, मग सावरल्या. "तुम्ही तुमचं काम केलंत. मी ते वर कळवलंय. आता हे संपवू या. समितीनं ठरवलंय की डबा नष्ट करायचा." त्यांनी फायलीतून एक कागद काढला. 'डबा क्रमांक नऊ, सोळा कुप्या, वाफेनं नष्ट केला.' खाली दोन सह्यांच्या जागा. "नव्या भट्टीचा परवाना पुढच्या महिन्यात येईल, तेव्हा घालूच आत. पण समिती शुक्रवारी बसतेय आणि त्यांना फाइल बंद करून हवीय. तुमची सही झाली की तुमचे निवृत्तीचे कागद मी आजच सोडते. झाकली मूठ सव्वा लाखाची, तुम्हीही सुटा, आम्हीही सुटतो."

कागदावर एक सही आधीच होती. भिंगरीची. तिचं अक्षर तिच्या चालण्यासारखंच होतं, पुढं झुकलेलं, आणि सहीखाली हुद्दा लिहिला होता, त्यात कंत्राटी हा शब्द नव्हता.

थंडोबा त्या सहीकडे बघत राहिला. तिला दोष द्यावा असं त्याला क्षणभरही वाटलं नाही. चोविसाव्या वर्षी, नवी नोकरी हातात असताना, त्यानं काय वेगळं केलं होतं? उलट त्याला तिच्यासाठी भीती वाटली. परवाना पुढच्या महिन्यात येईल, किंवा त्याच्या पुढच्या. मधे संचालकबाई बदलतील. कुणीतरी म्हणेल, डबा तर जळलाय, कागद आहे. आणि तीस वर्षांनी एखाद्या बोळात ही बाई साठीची होऊन उभी असेल.

"आधी डबा जळू दे, मॅडम. मग करतो."

"अहो, एका महिन्याचा तर प्रश्न आहे."

"तेव्हाही एका दुपारचाच होता. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. त्या चार ठिकाणीही तो असाच सोकावलाय. मी त्यांना परत लिहा म्हणतो. उघडून बघा म्हणून लिहा."

"तुमच्या सहीशिवाय हा कागद पुरा होत नाही," संचालकबाई हळूच म्हणाल्या. आवाजात धमकी नव्हती, दयाच होती, आणि ती जास्त जड होती. "आणि हा पुरा होत नाही तोवर मला तुम्हाला सोडता येत नाही. किती दिवस लागतील मी सांगू शकत नाही. तुमच्या जागी दुसरं कुणी द्यायचं म्हटलं तर त्यालाही हे सगळं सांगावं लागेल, आणि तशी परवानगी नाही."

"मग बसतो मी," थंडोबा म्हणाला. "पण कागदावर डबा शिल्लक आहे तोवर कुणालातरी तो आहे हे कबूल तरी करावं लागेल."

त्या गेल्या. जाताना त्यांनी पेन खुर्चीवर ठेवलं की विसरल्या, कुणास ठाऊक.

संध्याकाळी थंडोबा घरी गेला तेव्हा बायकोच्या हातात दोन तिकिटं होती, रविवारच्या गाडीची. आज मॅडम भेटायला येणार आहेत एवढं तो सकाळी बोलला होता. म्हणजे सुटकाच, असं धरून हिनं दुपारीच खिडकीवर जाऊन तिकिटं काढली होती. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि खाली बसली.

"अजून थांबावं लागेल," तो म्हणाला.

"किती?"

"माहीत नाही."

"तुम्हाला थांबवलंय, की तुम्ही थांबताय?"

पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोला खोटं सांगायची कला थंडोबाला साधली नव्हती. तो गप्प राहिला, आणि तिला उत्तर मिळालं. मग ती बोलली. आयुष्यभराचं बोलली. हनिमूनला गेलो नाही, आईच्या शेवटच्या दिवसांत माहेरी एकटी गेले, पोरीच्या बाळंतपणाला एकटी गेले, शेजारीण समुद्र बघून आली आणि मला शिंपले दाखवत बसली. एकही गोष्ट खोटी नव्हती. थंडोबा ऐकत राहिला. त्याला तिचे पाय धरावेसे वाटले, आणि सगळं सांगून टाकावंसं वाटलं, आणि दोन्ही जमलं नाही.

शेवटी ती थकली. डोळे पुसून, अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, "काय आहे तिथं ते नका सांगू. तुम्ही सही करून आला असाल कुठंतरी, सांगणार नाही असं. एवढंच सांगा. बाळाला त्याचं काही होईल?"

थंडोबा तिच्याशेजारी खाली बसला.

"तुम्ही तिथं बसलात तर नाही होणार?"

"ते माहीत नाही," तो म्हणाला. "मी उठलो तर परत कुणी बघणार नाही, एवढं माहीत आहे."

बाहेर वसाहतीतली पोरं खेळत होती, कुणीतरी कुणालातरी बाद ठरवलं होतं आणि आरडाओरडा चालला होता.

"मग बसा," ती म्हणाली.

तिनं दोन तिकिटांतलं एक आपल्या पर्समध्ये ठेवलं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं.

"हे उद्या रद्द करून या. खिडकी पाचला बंद होते."